मुलुंडला पोचेपर्यंत

एप्रिल २०२५ मध्ये मी कोल्हापूरहून मुंबईत रुजू झाले. बँकेत बढती मिळाली ती बदली घेऊनच आली. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. त्याच सुमारास नवऱ्याला ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली. लेक सहा वर्षांची, पहिलीत जाणार होती. ती आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मे संपेपर्यंत कोल्हापुरातच थांबणार होत्या. तोवर आम्हा दोघांचा मुक्काम डोंबिवलीला नणंदेकडे, म्हणजे ताईंकडे. दोन महिन्यांत घर शोधायचं आणि शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी एकत्र यायचं, एवढं ठरवून निघालो होतो.

घर शोधतोय म्हटलं की जो तो आधी विचारायचा, "बजेट किती?" आम्ही सांगायचो, ३२ हजार. त्याच्यापुढे एकाच प्रश्नाला खरं वजन आहे आणि तो आम्हाला कुणीच विचारला नाही: घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत किती वेळ? तो आम्ही स्वतःला विचारला, पण तीन आठवडे वाया घालवल्यावर.

त्यानंतरच्या रविवारी ताईंच्या जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो आणि दोन ठिपके काढले, बीकेसी आणि ऐरोली. तेवढ्यानंच निम्मी मुंबई गळाली. ऑफिसातले लोक मला मरोळ नाहीतर गोरेगाव सुचवत होते. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून त्या बाजूला राहणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. पण तिथून नवऱ्यानं रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं ऐरोली गाठायची म्हणजे त्याचा दिवस रस्त्यातच जाणार. उलट ऐरोलीतच घर घेतलं तर तो चालत ऑफिसला, आणि मी आधी ट्रान्स-हार्बरनं ठाणे, तिथून मेन लाइननं कुर्ला, पुढे रिक्षा. राहता राहिली घाटकोपर ते डोंबिवली ही मध्य रेल्वेची पट्टी. त्यातलं घाटकोपर दोन फोनमध्येच परवडेनासं झालं.

डोंबिवलीत ताईंच्याच कॉम्प्लेक्समध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट २० हजारांत मिळत होता. बाल्कनी, गाडी लावायला जागा, खाली मुलांना खेळायला बाग. ताई म्हणाल्या, "अगं, कशाला फिरताय उन्हातान्हात? इथं मी आहे, आईला सोबत होईल, पोरीला आत्या मिळेल." त्यांचं बोलणं टाकण्यासारखं नव्हतं. परक्या शहरात शेजारी आपलं माणूस असणं ही फार मोठी गोष्ट आहे, हे मी आजही मानते. शिवाय त्या दोन महिन्यांत डोंबिवलीहूनच ऑफिसला जात होते, त्यामुळे इथून कसं जमतं ते मला कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

सकाळी सव्वाआठ-साडेआठच्या दरम्यानची फास्ट. पहिले चार दिवस मला चढताच आलं नाही. गाडी पुरती थांबायच्या आत बायका आत शिरलेल्या असतात. जी थांबून, वाट देऊन चढायला जाते ती प्लॅटफॉर्मवर राहते. पाचव्या दिवशी शेजारच्या एका बाईंनी माझी पर्स खांद्यावरून काढून पोटाशी फिरवली, दंडाला धरून मला पुढे लोटलं आणि आत गेल्यावर श्वास घेत विचारलं, "कुठं उतरणार?"

"कुर्ला."

"मग आत जाऊ नका. ठाणं गेलं की सरकायला लागा. पुढची बाई कुर्ल्याची आहे का विचारून घ्या. नसेल तर तिच्या पुढे व्हा."

त्या बाई मला पुढे रोज भेटायच्या. सतरा वर्षं ती गाडी पकडत होत्या. त्यांच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर एक कायमचा काळा डाग पडला होता, दाराजवळच्या दांड्यावर रोज एकाच जागी हात घासून. तो डाग मला अजून डोळ्यांपुढे दिसतो.

मी एका वहीत आठवडाभर वेळा लिहून काढल्या. घर ते स्टेशन रिक्षानं १५ मिनिटं. एक गाडी सोडून दुसरी पकडायची म्हणून १०. गाडीत ४०. कुर्ल्याचा पूल उतरून पश्चिमेला बाहेर पडायला ८ ते १०. शेअर रिक्षाची रांग १५, कधी २५. तिथून बीकेसी आणखी २०. सकाळचे पावणेदोन-दोन तास, आणि संध्याकाळी तेवढेच, वर दमणूक. घरी पोचायला साडेआठ. नवरा ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला तासाभरात पोचायचा, त्याचं त्यातल्या त्यात बरं होतं.

मग हिशोब मांडला. मुलुंड-भांडुपच्या बाजूला एक बेडरूमचा बरा फ्लॅट ३४ हजारांच्या आसपास दिसत होता. डोंबिवलीपेक्षा १४ हजार जास्त. माझे रोजचे दोन तास वाचणार. महिन्याचे बावीस-तेवीस कामाचे दिवस धरले तर ४५ तास. एका तासाला साधारण तीनशे दहा रुपये. लेक रात्री नऊला झोपते. ती जागी असताना घरी पोचायचं, तिच्याशी दोन शब्द बोलायचे, तिनं शाळेत काय केलं ते ऐकायचं, हे तासाला तीनशे दहा रुपयांत मिळत असेल तर मला ते महाग वाटलं नाही. घरात दोन पगार होते म्हणून हा हिशोब मांडता तरी आला. ताईंकडे एक पगार सरळ घराच्या हप्त्यात जातो. त्यांच्यासारख्या हजारो बायका परवडत नाही म्हणून तो दांडा धरून उभ्या असतात, आवड म्हणून नव्हे.

ठाण्याला घोडबंदर रोडवर एक रविवार आणि एक मंगळवार घालवला. रविवारी बघितलेला टॉवर सुंदर होता. बाविसावा मजला, खिडकीतून येऊरचे डोंगर, खाली पोहण्याचा तलाव, भाडं २८ हजार. नवरा तिथंच हो म्हणायला निघाला होता. मी म्हटलं, आपण इथं रविवारी राहणार नाही, मंगळवारी राहणार आहोत. मंगळवारी संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा करत फाटकाशी पोचेपर्यंत ५५ मिनिटं झाली. दारात पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्यामागं दुसरा. वॉचमन म्हणाला, "रोजचे आहेत." ज्या घराला रोज टँकर लागतो तिथं पुढे काय होईल याचा विचार करत आम्ही परत फिरलो. घर रविवारी दुपारी बघू नये, हे तेव्हापासून पक्कं झालं. ज्या वेळी ऑफिसला निघायचं त्याच वेळी निघून बघावं, आणि ज्या वेळी परत यायचं त्या वेळी परत येऊन.

मुलुंड पश्चिमेला जे झालं ते लिहिताना अजून हात जड होतो. पाच रस्त्याच्या जवळ एक फ्लॅट सगळ्या बाजूंनी जुळला. स्टेशन चालत दहा मिनिटं, लिफ्ट, हवा खेळती. घरमालक भले गृहस्थ होते, चहासुद्धा पाजला. दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. "मॅडम, फॅमिली व्हेज आहे ना?"

मी म्हटलं, "नाही. आम्ही कोल्हापूरचे. रविवारी मटण असतं घरात."

"मग अडचण आहे. सोसायटीत चालत नाही."

"नियमात लिहिलंय का तसं?"

"लिहिलेलं नाही मॅडम, पण पद्धत आहे. तुम्ही व्हेज म्हणून सांगा ना. कोण बघायला येतंय?"

नवरा म्हणाला, घर चांगलं आहे, विचार कर. मी रात्रभर विचार केला आणि नको म्हटलं. आई पांढरा रस्सा करतात तेव्हा घरभर वास सुटतो, त्या वासाला माझी लेक शाळेतून धावत येते. खिडक्या लावून, भांडी झाकून, शेजारी विचारतील तर काय सांगायचं हे सहा वर्षांच्या पोरीला शिकवून मला कुठल्याही घरात राहायचं नव्हतं. ज्या शहरात आपली भाषा चालते, आपल्याच राज्याची राजधानी म्हणून ज्याचं कौतुक करत आपण वाढलो, तिथं ताटात काय आहे हे विचारून दार बंद होतं, याचा राग मला आला आणि तो अजून गेलेला नाही. शाकाहारी असणाऱ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. भाड्याच्या घरासाठी माणसाला खोटं बोलायला लावणाऱ्या पद्धतीबद्दल आहे.

त्याच आठवड्यात टोकनचे, म्हणजे घर धरून ठेवायला आगाऊ दिलेले, पाच हजारही अडकले. दुसऱ्या एका एजंटनं "संध्याकाळपर्यंत जाईल, मॅडम" म्हणून घाई केली, मी त्याच्याच नंबरवर पैसे पाठवले, आणि फ्लॅट तिसऱ्यालाच गेला. पैसे मिळाले, पण एकवीस दिवस रोज फोन करून. त्यानंतर टोकन द्यायचं तर घरमालकाच्याच खात्यात, आणि कशाचे पैसे, व्यवहार फिसकटला तर कधी परत, हे मेसेजवर लिहून घेतल्यावरच.

मग आम्ही रूळ ओलांडून मुलुंड पूर्वेला गेलो. नवघर रोड, गव्हाणपाडा, चाफेकर बंधू मार्ग, हा सगळा भाग मला पहिल्याच फेरीत ओळखीचा वाटला. तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती, खाली पोळीभाजी केंद्र, गिरणी, संध्याकाळी कट्ट्यावर आजोबांचा घोळका. गिरणीच्या दारात उभं राहिलं की ज्वारीच्या पिठाचा वास येत होता. ऐरोलीचा पूल जवळ, त्यामुळे नवऱ्याला लोकलशिवाय बसचाही पर्याय. इथं घर मिळालं तर बरं होईल, असं तिथंच वाटून गेलं.

पहिला फ्लॅट बघायला गेले तेव्हा एजंट काकांना यायला उशीर होता. जिन्याखाली उभी राहून वेळ काढायला मी सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचत होते. काचेचं दार, गंजलेलं कुलूप, आत पिवळ्या पडलेल्या कागदांवर पिना. टाकी धुण्याची तारीख. बाप्पाची वर्गणी दिलेल्यांची मागच्या वर्षीची यादी. आणि त्यावर नवाकोरा, टाइप केलेला कागद: विशेष सर्वसाधारण सभा, विषय इमारतीचा पुनर्विकास, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विकासकाची निवड. सभा तीन आठवड्यांवर होती.

काका आले तेव्हा मी तो कागद दाखवला. "अहो, ते दहा वर्षं चाललंय. काही होत नाही," ते म्हणाले. कदाचित खरंही असेल. पण त्या फ्लॅटचं भाडं आजूबाजूच्यापेक्षा चार हजारांनी कमी का, ते मला वर न जाताच समजलं. मुलुंडमध्ये एका गल्लीत तीन-तीन इमारती हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या दिसतात. पुनर्विकास ठरला की सभासदाला बिल्डरकडून पर्यायी घराचं भाडं मिळतं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर भाड्यानं राहणाऱ्याला मात्र नोटीस मिळते आणि सामान बांधावं लागतं, शाळेचं वर्ष मध्यावर असलं तरी. आईंच्या गुडघ्यांना आणि लेकीच्या शाळेला वर्षभरात पुन्हा हलवायचं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक इमारतीत दहा मिनिटं आधी पोचायला लागले आणि बोर्ड वाचायला लागले. घराबद्दल एजंट जे सांगत नाही ते सगळं तिथं टाचलेलं असतं. पाणी कधी येतं, लिफ्ट कितीदा बंद, बाहेरच्या प्लॅस्टरची दुरुस्ती निघाली आहे का, सभेला लोक येतात का. एका इमारतीत थकबाकीदारांची यादी लावली होती आणि त्यात पहिलंच नाव आम्ही जो फ्लॅट बघायला आलो होतो त्याच्या मालकाचं. दोन वर्षांचा मेंटेनन्स थकलेला. असा मालक माझं डिपॉझिट वेळेवर परत करेल, यावर विश्वास ठेवायला मला कारण सापडेना. तो फ्लॅट मी वर जाऊन बघितलाही नाही.

घर बघताना आई रोज फोनवर असायच्या. त्यांचा प्रश्न ठरलेला: "पाण्याचं विचारलंस काय?" मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, भातसा, वैतरणा, तानसा अशी नावं पेपरात पावसाळ्यात रोज छापून येतात. पण पालिका ज्या त्या भागाला ठरल्या वेळी पाणी सोडते, ते इमारतीच्या टाकीत साठतं, आणि तुमच्या नळाला किती वेळ येणार ते सोसायटी ठरवते. एकाच रस्त्यावर एका इमारतीत दिवसभर पाणी आणि शेजारच्या इमारतीत सकाळी दीड तास, असं मी डोळ्यांनी बघितलं. म्हणून जुना भाडेकरू अजून राहत असतानाच घर बघावं असं मी सगळ्यांना सांगते. रिकाम्या घरात नळाचा व्हॉल्व्हसुद्धा बंद असतो आणि विचारायचं कुणाला?

शेवटी दोन घरं उरली. एक भांडुप पश्चिमेला, २८ हजार, नुकतंच रंगवलेलं, भिंती आंब्याच्या पिवळ्या रंगाच्या. दुसरं मुलुंड पूर्वेला, तिसरा मजला, जुनी लिफ्ट, ३५ हजार, रंग उडालेला, स्वयंपाकघराची फरशी जुनी, पण ओटा मोठा. मुलुंडच्या घरात राहणारी मुलगी माझ्याच वयाची होती. तिनं मला ओट्याजवळ नेलं, नळ सोडून दाखवला, आणि मी न विचारता सांगितलं, "पाणी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी तासभर. टाकी आहे वर, पुरतं. लिफ्ट महिन्यातून एकदा तरी बंद पडते. कबुतरांना जाळी लावून घ्या. मालक डिपॉझिट देतात परत, आमच्या मैत्रिणीला दिलं होतं, तीच आधी राहायची इथं." मी तिला विचारलं, मग सोडताय का? ती म्हणाली, "नवऱ्याची बदली झाली पुण्याला." एवढं सरळ उत्तर मला दोन महिन्यांत दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

तरी सात हजारांचा फरक डोक्यातून जाईना. भांडुपचं घर स्टेशनला जवळ होतं, पण भांडुपला बहुतेक स्लो गाड्याच थांबतात. मुलुंडला काही फास्ट मिळतात. त्यावर आमचं रोज रात्री बोलणं व्हायचं आणि निर्णय होत नव्हता. २६ मेला सोमवारी तो पावसानं केला. मुंबईत मान्सून एरवी ११ जूनच्या आसपास येतो. त्या वर्षी तो २६ मेलाच आला, आणि असा आला की वरळीचं नवं कोरं भुयारी मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं. गाड्या रखडल्या होत्या. संध्याकाळी मी ऑफिसातून निघाले ती सरळ भांडुपला उतरले. मालकाला आधी कळवलं नव्हतं, किल्ली खालच्या दुकानात असते हे एजंटनं मागं सांगितलं होतं, त्यालाच फोन केला.

दार उघडलं आणि ओलीचा वास अंगावर आला. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली, त्या आंबा रंगाला हातभर लांब फुगा आला होता. मी बोट लावलं. रंगाची साल बोटाबरोबर आत गेली आणि मागून गार, मऊ, चुन्याचा लगदा लागला. बोट बाहेर काढलं तर त्या भोकातून पाण्याचा एक बारीक ओघळ निघाला आणि फरशीपर्यंत गेला. अजून पाऊस पहिल्या दिवसाचा होता. पुढे चार महिने आईंची गादी त्या भिंतीला लागून असणार होती, आणि आईंना दमा आहे.

तिथून पुढच्या स्लो गाडीनं मुलुंडला गेले. त्या मुलीचं दार वाजवलं. तिनं ओळखलं, टॉवेल दिला, आणि मी तिची माफी मागून तिच्या घरातल्या बाहेरच्या सगळ्या भिंतींना हात लावून बघितले. कोरड्या होत्या. फक्त न्हाणीघराच्या वरच्या कोपऱ्यात पोपडे होते, ते तिनं आधीच दाखवले होते. इमारतीसमोर रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं, तासाभरात ओसरलं. रात्री नवऱ्याला सांगितलं, ठरलं.

व्यवहार ३३ हजारांवर झाला, डिपॉझिट दीड लाख, दलाली एक महिन्याचं भाडं. दलाली मला जड गेली, पण काका प्रत्येक फेरीला आले होते आणि भाडं दोन हजारांनी त्यांनीच उतरवून दिलं. करारनाम्याचे मात्र त्यांनी सहा हजार सांगितले, "सगळं मिळून". मी बँकेतली बाई, मला आकडा उलगडल्याशिवाय चैन पडत नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. तो लागतो करारातल्या एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर. अकरा महिन्यांचं भाडं ३,६३,०००, डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज १३,७५०. पाव टक्का म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकीची रक्कम घरी येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाची मेहनत आणि किरकोळ खर्च. एवढं कागदावर लिहून काकांना दाखवलं तेव्हा ते साडेतीन हजारांवर आले, आणि ते निम्मे-निम्मे मालकाबरोबर वाटून घेतले.

नोंदणी टाळून साध्या स्टँप पेपरवर करू या, असं सुचवणारेही भेटले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदलेला कागद हातात असला की शाळेचा प्रवेश, गॅस, बँक, सगळीकडे पत्ता म्हणून तोच चालतो, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायलाही तोच कामी येतो.

मसुदा रात्री बसून ओळ न् ओळ वाचला. "घर सोडताना रंगकामाचे एक महिन्याचे भाडे कापले जाईल" असं एक कलम होतं. ज्या घराचा रंग आम्हीच उडालेला घेतोय त्याचे पैसे आम्ही का द्यायचे, म्हणून ते काढायला लावलं. त्याच्या जागी एक कलम घातलं: इमारत पुनर्विकासाला गेली तर किमान तीन महिन्यांची नोटीस आणि सामान हलवायच्या आदल्या दिवशी पूर्ण डिपॉझिट परत. मालक दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घाला." सह्यांच्या दिवशी एका माणसानं अंगठ्याचं मशीन आणलं होतं, त्यावर माझा अंगठा चार वेळा उमटेना. भांडी घासून रेषा गेल्या असतील म्हणाला. शेवटी उजव्या हाताच्या मधल्या बोटावर काम झालं.

१ जूनला कोल्हापूरहून टेंपो आला. लिफ्ट बंद होती. आई तीन मजले बसत-बसत चढल्या, वर आल्या, आधी स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून बघितला.

९ जूनला सकाळी मी कुर्ल्याच्या रिक्षाच्या रांगेत असताना फोनवर बातम्या यायला लागल्या. दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान, वळणावर, गर्दीनं भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी रुळांवर पडले होते. माणसं गेली होती. मी ताईंना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. रांग पुढे सरकत होती, मागची माणसं ओरडत होती, मी बाजूला होऊन भिंतीशी उभी राहिले. चाळीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. त्या डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवरच होत्या, गाडीत चढता आलं नव्हतं म्हणून. एवढंच म्हणाल्या, "मी घरी जाते आज." मनगटावर डाग असलेल्या त्या बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं, नंबर नव्हता. त्या कशा आहेत हे कुणाला विचारायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही आणि आजही ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात ताई रविवारी जेवायला आल्या होत्या. पांढरा रस्सा वाढताना आई त्यांना आग्रह करत होत्या आणि ताईंचं लक्ष नव्हतं. हात धुवून झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "आमचं घर भाड्यानं दिलं तर वीस-एकवीस येतील. वरचे बारा-तेरा घालायची तयारी आहे आमची. इथं जवळपास काही असेल तर बघशील?"

शनिवारी सकाळी पावणेसातला गव्हाणपाड्यात एक फ्लॅट बघायला जायचं ठरलं आहे. काका सातला येणार आहेत. बोर्ड वाचायला पंधरा मिनिटं पुरतात.